समुद्रावरचे पांढरे ठिपके

माझा हात थरथरत नाही. मन कितीही घाबरलं तरी हाताला ते कळत नाही. आणि घाबरायची मला लहानपणापासूनची सवय.

मुलगा अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करत होता तेव्हाची ही गोष्ट आहे. सुनेच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने तिकडे राहिले. बाळ दीड महिन्याचं झालं तशी सून तिच्या लॅबमध्ये परत जायला लागली. सकाळी साडेसातच्या कॅम्पसच्या बसने दोघं गेले की घरात मी आणि बाळ. मी आतून कडी लावायची, साखळी लावायची आणि पुन्हा एकदा ओढून बघायची. फोन वाजला तर उचलायचा नाही, कारण पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलेल. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मराठी लिहिता-वाचता येतं, इंग्रजीतलं यस, नो, थँक्यू एवढंच.

मुलाने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "आई, तू व्हिजिटर व्हिसावर आलीयेस. इथे कुठलंही काम करायचं नाही. कोणाचं बेबीसिटिंगसुद्धा नाही. प्रॉब्लेम होतो यार." तो हसत म्हणाला, पण मी ते मनात घट्ट बांधून ठेवलं. कुठे पोलिसाची गाडी दिसली की मला वाटायचं, माझ्यासाठीच आली.

समोरच्या दाराची बाई माझ्या घरात आली ती फोडणीमुळे. एक दिवस मोहरी जरा जास्त तडतडली आणि छताला लावलेलं ते धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. मी बाळाला पोटाशी धरून दार उघडलं आणि जिन्यात उभी राहिले. आता सगळी इमारत बाहेर येणार, असं वाटलं. आली ती एकटी समोरची. बुटकी, गोल चेहऱ्याची, डोक्याला रुमाल बांधलेली. तिने आपल्या घरून टॉवेल आणला, खुर्चीवर चढली आणि यंत्राखाली टॉवेल गरागरा फिरवला. आवाज थांबला. मग ती खुर्चीवर उभी राहूनच हसत सुटली. मलाही हसू आलं.

ती फिलिपिन्सची. तिचा नवरा शेतीच्या विषयात शिकत होता आणि ती पहाटेपासून अकरापर्यंत मुलांच्या मोठ्या खानावळीत काम करायची. ती मला 'आते' म्हणायची. तिच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात, हे सुनेने तिला विचारून मला सांगितलं. आपण तिला काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. मी नुसती मान हलवायची.

तिने आपल्या न्हाणीघरात फोटो धुवायची सोय केली होती. खिडकीला काळा कागद, एक लाल दिवा, टबावर आडवी फळी आणि फळीवर तीन तसराळी. आत आंबट वास यायचा, शिळ्या ताकासारखा. पहिल्यांदा तिने मला आत नेलं तेव्हा त्या लाल उजेडात तिचा चेहरा बघून माझ्या छातीत धस्स झालं. मग पांढऱ्या कागदावर पाण्याखाली हळूहळू एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा उमटला आणि मी श्वास घ्यायचा विसरले.

तिचे सगळे फोटो तिच्या गावाकडचे होते. डोंगरावर पायऱ्या-पायऱ्यांनी केलेली भाताची शेतं. सणाला घरांच्या खिडक्यांना लटकवलेले, तांदळाच्या पिठाचे पानासारखे पातळ पापड. होडीच्या सावलीत झोपलेला कुत्रा. सगळे काळेपांढरे. दर दोन-तीन वर्षांनी ती माहेरी जायची आणि पिशवीभर फिल्म घेऊन यायची. एका रविवारी सुनेने मध्ये बसून तिचं बोलणं मला समजावलं. वॉशिंग्टनला त्यांच्या लोकांची एक संस्था होती. ती फोटोंची स्पर्धा घेणार होती. बक्षीस मिळालेल्या फोटोंची मोठी चित्रं छापून प्रवासी कंपन्यांच्या खिडक्यांत लावणार होते, म्हणजे इथले लोक ती बघून तिच्या देशात फिरायला जातील. ती म्हणाली, इथल्या लोकांना आमचा देश फक्त वादळ आलं की टीव्हीवर दिसतो. तिने दोनदा फोटो पाठवले होते, दोन्ही वेळा परत आले होते.

तिच्या कामात मी शिरले ते तांदळाच्या ताटामुळे. मी खिडकीत बसून तांदूळ निवडत होते. तिकडचा तांदूळ स्वच्छ असतो, निवडावा लागत नाही, पण मला निवडल्याशिवाय शिजवायला धीर होत नसे. ती बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग घरी जाऊन एक फोटो, तीन बारीक बाटल्या आणि दोन-चार केसांचा ब्रश घेऊन आली. फोटोत धुळीमुळे पांढरे ठिपके पडतात. एकेक ठिपका काळ्या रंगाने असा भरायचा की तो होता हे कळू नये. तिने करून दाखवलं. ब्रशचं टोक जिभेवर ओलं केलं, रंगाला लावलं, नखावर टेकवून जास्तीचा रंग काढला आणि ठिपक्यावर नुसतं टेकवलं. मग तोच ब्रश पुन्हा जिभेवर ओला करून तिने माझ्या हातात दिला.

मी ब्रशकडे बघतच राहिले. आमच्या लहानपणी गावात माझ्या आईच्या हाताला हात लागू नये म्हणून दुकानदार मीठसुद्धा वरून टाकायचा. ही बाई आपल्या तोंडातला ब्रश माझ्या हातात देत होती आणि मी तो माझ्या तोंडात घालावा याची वाट बघत होती. मी घातला.

काम मला जमलं. माझे मालक, मुलाचे वडील, नागपूरला पाट्या रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, जयंतीचे निळे फलक. कडा ते ओढायचे आणि आतलं मी भरायची. ते गेले तेव्हापासून ब्रश हातात धरला नव्हता. बाळ झोपलं की मी टेबलाशी बसून ठिपके भरायची. दोन महिन्यांत तिचे तीस-चाळीस फोटो मी साफ केले. ती मला काही द्यायला बघायची. मी घाबरून दोन्ही हात मागे घ्यायची. घेतलं की ते काम झालं, आणि काम झालं की व्हिसा. मुलाला मी एवढंच सांगितलं होतं की शेजारीण फोटो दाखवायला येते.

स्पर्धेला पाठवायचा फोटो तिने बुधवारी पहाटे कामावर जाताना आणून दिला. आतापर्यंतचा सगळ्यांत मोठा, ताटाहून मोठा. तिन्हीसांजेचा समुद्र होता. खाली ओली वाळू, वर ढग, मध्ये काळंभोर पाणी. तिने कॅलेंडरवर शुक्रवारवर बोट ठेवलं, घड्याळात बारा दाखवले आणि पाकिटावर शिक्का मारल्यासारखी मूठ आपटली. शुक्रवारी बाराच्या आत पोस्टात. मग फोटोवरून हात फिरवून म्हणाली, "डस्ट, आते, डस्ट." आणि बससाठी पळाली.

आभाळात एक केस पडल्याचा वाकडा पांढरा डाग होता. त्यालाच मला दोन तास लागले. मग वाळूतले आठ-दहा ठिपके. शेवटी पाण्यावरचे सात. पाणी संपतं आणि आभाळ सुरू होतं तिथे, उजवीकडे, मोहरीच्या निम्म्याएवढे सात पांढरे ठिपके होते. मला आठवतं, ते बघून मी ब्रश क्षणभर थांबवला होता. धूळ कधी ओळीत बसत नाही. पण कशाचा तरी ओरखडा असेल, असं मी स्वतःशी म्हटलं आणि भरले. सातही. इतके चांगले भरले की भिंगातूनसुद्धा दिसेनात. मला अभिमान वाटला, हे मी लपवत नाही.

साडेअकराला ती आली. तिने फोटो खिडकीशी नेला आणि केसाचा डाग होता ती जागा बघितली. डाग नाही म्हटल्यावर तिने मला मिठी मारली. बाकी काही बघितलं नाही. बघायची गरज तिला वाटली नाही. माझ्यासमोरच तिने तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घातला आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली.

गुरुवारी दुपारी तिने मला जेवायला बोलावलं. मी बाळाला कडेवर घेऊन गेले. ती चुलीपाशी होती, मी फ्रिजला लावलेली चित्रं बघत होते. तिथे तोच समुद्र होता, पोस्टकार्डाएवढा. त्याच्यावर ते सात ठिपके होते. मी वाकून बघितलं. लहान फोटोतही तेच सात, त्याच ओळीत.

तिने माझं बघणं बघितलं. हातातला झारा ठेवून जवळ आली. वल्हं मारल्यासारखे हात केले, जाळं फेकल्यासारखे केले, मग कंदील उचलून धरल्यासारखा हात वर केला. त्या सातांवरून बोट फिरवलं. ते मासेमारीच्या होड्यांवरचे कंदील होते. "पापा," ती म्हणाली. मग त्यातला बापाचा कुठला ते माहीत नाही, असे खांदे उडवून हसली. यातल्या एका होडीत. आणि मग हसू न पुसताच म्हणाली, "पापा नो मोर."

मी जेवले. काय जेवले ते सांगता येणार नाही. टेबलाच्या कडेला ते पुठ्ठ्याचं पाकीट उभं होतं आणि त्याच्याकडे बघायला नको म्हणून मी बाळाच्या तोंडाकडे बघत होते.

घरी येऊन मी साखळी लावली. पाकीट उद्या गेलं तर तिसऱ्यांदाही फोटो परत येईल आणि का ते तिला कळणार नाही. किंवा बक्षीस मिळेल, मोठं चित्र छापून येईल आणि ती खिडकीसमोर उभी राहून बापाची होडी शोधेल. आणि सांगितलं तर? सांगितलं तर ती दार लावून घेईल. पुढे आणखी काय काय मनात आलं ते लिहायला लाज वाटते. ती कोणाकडे तरी तक्रार करेल की या बाईने माझ्याकडे काम केलं आणि नासवलं. मग मुलाला विचारतील. त्याचं शिक्षण थांबवतील. ती असं काही करणारी नव्हती हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी दोनदा पडदा सरकवून खाली गाडी आली का ते बघितलं. बाळ रडलं तेव्हा मी दचकले.

मालकांची आठवण झाली. पाटी भरताना माझा रंग रेषेबाहेर गेला की मी गप्प राहायची आणि त्यांनी बघू नये अशी आशा करायची. ते चिडायचे ते चुकीवर नाही, गप्प राहण्यावर. "ओलं आहे तोवर सांगत जा," म्हणायचे, "वाळल्यावर मला खरवडावं लागतं."

एक पूर्ण दिवस वाळला होता. तीन वाजले होते. मी बाळाला उचललं आणि समोरचं दार वाजवलं.

माझ्याकडे शब्द नव्हते. मी सरळ फ्रिजपाशी गेले, लहान फोटोतल्या पहिल्या दिव्यावर बोटाचं टोक ठेवून तो झाकला. मग दुसरा. मग तिसरा. सातव्यापर्यंत गेले आणि मग पाकिटाकडे बोट केलं, आणि मग माझ्या छातीकडे.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने सुरी घेतली आणि चिकटपट्टी कापली. फोटो खिडकीशी नेला. पाठमोरी होती, त्यामुळे तिचं तोंड दिसलं नाही. तशीच उभी राहून ती म्हणाली, "आते, व्हाय?"

"मला कचरा वाटला," मी मराठीत म्हटलं. तिला कळलं नाही.

ती न्हाणीघरात गेली, तसराळ्यात पाणी घेतलं, फरशी पुसायच्या उग्र वासाच्या बाटलीतले मोजके थेंब त्यात टाकले आणि फोटो पाण्यात सोडला. मी दारात उभी. मला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बाळ माझा कान ओढत होतं.

पाच वाजता मुलगा मला शोधत आला. घराचं दार उघडं, आत कोणी नाही, म्हणून त्याचा जीव घाबरा झाला होता. त्याने तिच्याकडून सगळं ऐकलं आणि मग मला थोडक्यात सांगितलं. रंग कधी सुटतो, कधी सुटत नाही. जास्त वेळ ठेवला तर कागदच खराब होतो. फोटो पुन्हा छापायला त्या मापाचा कागद शिल्लक नाही आणि मागवायचा तर आठवडा जाईल. आता रात्रभर वाळू द्यायचा, सकाळी काय ते कळेल.

जिन्यात त्याने माझ्याकडे बघितलं. "आई, मी तुला काय सांगितलं होतं?"

मी म्हटलं, मी काही घेतलं नाही रे.

"प्रश्न घेण्याचा नाही गं," तो म्हणाला. सुनेने त्या संध्याकाळी मला स्वयंपाक करू दिला नाही. हाताला धरून बाजूला बसवलं आणि म्हणाली, आई, तुम्ही जाऊन सांगितलंत ना. मला त्याने धीर आला नाही.

शुक्रवारी शेजारणीने कामावर सुट्टी घेतली. नऊ वाजता तिने दार वाजवलं. बाळ झोपलं होतं, म्हणून फोटो ती माझ्याच टेबलावर घेऊन आली. आम्ही दोघी वाकलो. ती आपल्या भाषेत मोजत होती. ईसा, दालावा, तात्लो. दिवे परत आले होते, थोडे मंद, पण होते. सहापर्यंत मोजून ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सहाच. सातव्या जागी नुसतं काळं पाणी.

तिने खिशातून दाढीचं नवं ब्लेड काढलं आणि मधोमध मोडलं. काळं खरवडलं की खालचा पांढरा कागद दिसतो, हे मला तिने आधी एकदा दाखवलं होतं. पण जरा खोल गेलं तर कागदाचे तंतू उभे राहतात आणि मग ते कशानेच झाकले जात नाहीत. तिने लहान फोटो शेजारी ठेवला, ब्लेडचं टोक पाण्यावर नेलं. मोठ्या फोटोतली नेमकी जागा तिला सापडेना. तिने हात मागे घेतला, पुन्हा नेला, पुन्हा घेतला.

ती जागा मला माहीत होती. भरताना मी तिच्याकडे पाऊण तास बघितलं होतं.

तिने ब्लेड टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. मग उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी ब्लेड उचललं. दहा वाजले होते. आणि माझा हात, जो कधी थरथरला नव्हता, तो हलायला लागला. मी मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलं. बाळ आत कुरकुरलं. आता ते उठलं तर मला जावं लागेल, असं वाटलं, आणि ते उठावं असंही वाटलं. ते उठलं नाही. उसवण काढताना ब्लेड धरायची तसं मी ते धरलं, टोक टेकवलं आणि काळ्यावरून फुंकर घातल्याइतकं ओढलं. काही नाही. दुसऱ्यांदा राखाडी झालं. तिसऱ्यांदा पांढरं आलं. तिथेच थांबायला हवं होतं, पण भीतीने हात आणखी एकदा गेला. बाकीच्यांपेक्षा तो केसभर जास्त पांढरा झाला. मी ब्लेड खाली ठेवलं.

तिने येऊन बघितलं, मोजलं, फोटो पुठ्ठ्यात घातला आणि कोट न घालताच पोस्टाकडे गेली.

नंतर तीन आठवडे ती माझ्याकडे फोटो घेऊन आली नाही. जिन्यात भेटली की हसायची, पण थांबायची नाही. समोरचं दार वाजलं की मी आत श्वास रोखून ऐकायची. मग एक दिवस ती आली. हातात एक छोटा फोटो आणि ब्रश होता. फोटोवर पातळ पारदर्शक कागद लावलेला होता आणि त्यावर भरायच्या प्रत्येक ठिपक्याभोवती तिने पेन्सिलने गोल काढला होता. त्यानंतर प्रत्येक फोटोवर ते गोल असायचे. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. गोलाबाहेर मी ब्रश कधी नेला नाही.

माझं परतीचं तिकीट दहा दिवसांवर आलं असताना पत्र आलं. तिच्या समुद्राला दुसरं बक्षीस मिळालं होतं आणि चित्र छापलं गेलं होतं. कॅम्पसच्या बसथांब्याजवळ एका प्रवासी कंपनीचं ऑफिस होतं, त्यांनी ते खिडकीत लावलं. ती मला आणि बाळाला बघायला घेऊन गेली. चित्र माझ्या छातीएवढं होतं. खाली तिच्या देशाचं नाव. कोट घातलेली दोन माणसं काचेसमोर थांबली होती. मला वाटलं, यांना दिसतंय. सहा दिवे राखाडी, मंद आणि सातवा चुन्याच्या ठिपक्यासारखा. छापताना तो आणखीच उठून आला होता. ती माणसं निघून गेली तेव्हा मी श्वास सोडला.

शेजारीण काचेजवळ गेली. तिने दिव्यांवरून बोट फिरवलं, सातव्यापाशी थांबवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पापा."

आधी बापाचा दिवा कुठला ते तिला माहीत नव्हतं. मी खरवडलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. पण सहा मोजून ती कुठे थांबली, ते तिला आठवत असणारच. मग हाच दिवा तिने का निवडला, हे मला तिला विचारता आलं नसतं, मराठीतसुद्धा. मी मान हलवली. काचेवर तिच्या बोटाचा ओला ठसा उमटला होता, नेमका त्या दिव्यावर. तो वाळून जाईपर्यंत मी तिथून नजर काढली नाही. बस आली तेव्हा तिने माझा दंड धरून मला चढवलं, आणि घर येईपर्यंत मी बाळाला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.